विचित्र म्हणायचं नाही

४ मार्च

आजी,

आधी नमस्कार, मग भांडण.

आमच्या शब्दकोशाच्या ऑफिसात मला नवीन काम मिळालंय. इंग्रजीत विचित्रपणाला ढीगभर शब्द आहेत. स्ट्रेंज, ऑड, वीअर्ड, पिक्युलिअर, क्वेंट, ईरी, बिझार, एक्सेंट्रिक, संपता संपत नाहीत. आणि आमच्या जुन्या कोशात या सगळ्यांपुढे एकच शब्द लिहून मोकळे झालेत: विचित्र. फार तर पुढे स्वल्पविराम देऊन 'चमत्कारिक'. साहेब म्हणाले, "सगळ्या पाहुण्यांना एकाच मापाचा शर्ट घातलाय हा. तू यांना वेगवेगळं करून दाखव." मी इतकी खूश आहे म्हणून सांगू! टेबलावर नुसत्या चिठ्ठ्या. खिडकी उघडली की माझे विचित्र खोलीभर उडतात आणि गणिताचे शब्द करणारे काका ते खुर्चीखालून वेचून देतात.

तर हे काम हातात आल्याबरोबर मला कोण आठवलं असेल? तू. 'विचित्र' हा शब्द तुझ्याइतका कोणीच वापरत नाही. पहिलं स्थळ आलं, तू म्हणालीस, "विचित्र आहे." का, तर बोलताना समोरच्याच्या कानाकडे बघतो. दुसरा आला, "विचित्र." का, तर नाक पुसलेल्या रुमालाची पुन्हा घडी घालतो. आणि बाबांचं ठरलेलं, "आई हो म्हणाली की माझं हो." म्हणजे तुझ्या एका शब्दावर माझं लग्न अडकलेलं.

आता खरी गोष्ट. एक मुलगा आहे. या वेळी मीच शोधलाय. पुढच्या महिन्याअखेर त्याची दूर बदली होतेय, त्याआधी त्याला तुझ्यापुढे आणून उभा करणार आहे. अट एकच. 'विचित्र' म्हणायचं नाही. माझ्या शब्दांतला नेमका एक निवडायचा आणि कारण द्यायचं.

तुझ्या लाँड्रीच्या भाषेत सांगते. ऑड म्हणजे मोज्याच्या जोडीतला एकटा उरलेला मोजा. त्याच्यात खोट नसते, फक्त तो कशाशी जुळत नाही. पिक्युलिअर म्हणजे त्या एकाचंच असलेलं, जसा एखाद्याच्या कपड्यांना त्याचाच वास असतो. वीअर्ड म्हणजे बघून चमकायला होतं आणि का ते सांगता येत नाही. ईरी हे बहुतेक जागेचं असतं, रिकाम्या दुकानात हँगर आपोआप हलावेत तसं. एक्सेंट्रिक म्हणजे स्वतःच्या तऱ्हेने जगणारा, पण कोणाला त्रास न देणारा. बिझार म्हणजे डोळ्यांवर विश्वास बसू नये असं.

सराव कर. दुकानात रोज माणसं येतात, त्यातला एक निवड आणि लिही. मलाही कोशासाठी जिवंत वाक्यं हवीच आहेत.

तुझी नात

११ मार्च

आगाऊ नातीस,

पत्र मिळालं. शेजारच्या शिंपिणीकडून वाचून घेतलं नाही, चष्मा पुसून पुसून स्वतः वाचलं. अक्षर सुधार. कोशातही असंच खरडत असशील तर तुमच्या साहेबांचं कठीण आहे.

मुलगा शोधलास, बरं केलंस, आमचे जोडे वाचले. कोण, कुठला, काय करतो, एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे सांगण्यासारखं नसणार. आण, बघू.

आणि त्या स्थळांबद्दल तोंड वर करून लिहितेस ते ऐक. कानाकडे बघणारा माणूस आपलं ऐकत नसतो, आपण कधी थांबतो याची वाट बघत असतो. आणि नाक पुसलेल्या रुमालाची घडी घालून खिशात ठेवणारा घरातली भांडणंसुद्धा घडी घालून ठेवणार आणि वर्षाने उलगडून दाखवणार. हे सगळं मी तुझ्या बापाला कुठे समजावत बसू? विचित्र म्हटलं, संपलं. एका शब्दात काम होतं तिथे तुम्ही दहा लावता, म्हणून तुम्हाला पगार मिळतो.

पण सराव म्हणालीस ना? मग हा घे. खरं तर सांगितल्याशिवाय मलाच राहवत नाहीये.

दुकानात एक नमुना यायला लागलाय. तरुण आहे, उंच, कपडे नीटनेटके. पहिल्या दिवशी काउंटरवर शर्ट ठेवला. मी उलगडून बघितला, आतबाहेर केला, कॉलर बघितली, काखा बघितल्या. म्हटलं, "अहो साहेब, हा धुतलेला आहे."

"हो का?"

"हो का काय? कडक इस्त्री आहे याला. कॉलर बघा, आरशासारखी चमकतेय."

जरा विचार करून म्हणतो कसा, "मग पुन्हा करा."

बरं, शर्ट दिला, पावती घेतली, आता निघावं की नाही? नाही. काउंटरला टेकून उभा. आमचा इस्त्रीवाला मोठ्या प्रेसवर पँट लावत होता. प्रेस खाली आला, वाफ फुस्स करून सुटली, आणि या गृहस्थाने डोळे मिटले. मान तिरकी केली. आणि हळूच म्हणाला, "वा."

अगं, इस्त्रीवाल्याला त्याच्या बायकोने कधी 'वा' म्हटलं नसेल. तो असा लाजला की पँटीची क्रीज वाकडी पडली.

दोन दिवसांनी परत आला, दुसरा शर्ट घेऊन. तोही स्वच्छ. धुतल्या तांदळासारखा शर्ट म्हणून मी त्याचं नाव तांदूळ ठेवलंय. आता शिंपीणही भिंतीपलीकडून ओरडून विचारते, "तांदूळ आला का गं?"

शब्द निवडायचा तर आधी ऑड म्हणणार होते. पण मोज्याचा दुसरा मोजा कुठेतरी असतो तरी. याची जोडी जगात कुठे असेल असं वाटत नाही. वीअर्ड घाल.

आजी

१६ मार्च

मूर्खशिरोमणी,

तू आजीच्या लाँड्रीत गेलास!

रेडिओने तुला त्या गावी जुन्या दुकानांचे, कारखान्यांचे आवाज गोळा करायला पाठवलं. गाडी सुटताना मी हात जोडून सांगितलं होतं, सगळ्या गावाचे आवाज गोळा कर, त्या एका दुकानाची पायरी चढू नकोस, तुझी ओळख मी करून देणार. तू मान हलवलीस. मला वाटलं हो म्हणालास. तू बहुतेक गाडीची शिट्टी ऐकत होतास.

आजीचं पत्र आलंय. डोळे मिटून प्रेसच्या वाफेला 'वा' म्हणणारा माणूस. वाचताना पहिल्या ओळीला हसले, दुसऱ्या ओळीला तुला ओळखलं. जगात दुसरा असेल का रे असा कोणी? धुतलेला शर्ट लाँड्रीत कोण नेतं?

तुझं नाव तांदूळ पडलंय. तू सध्या वीअर्ड आहेस. तिथून बिझारवर घसरायला वेळ लागत नाही, आणि तिने एकदा नाही म्हटलं की बाबाही नाही म्हणणार, आणि तू एकटाच जाशील बदलीच्या गावी तुझी यंत्रं घेऊन.

आता तिकडे फिरकू नकोस. आणि काही झालं तरी माझं नाव घेऊ नकोस. मी तुला लपूनछपून आत घुसवला असं तिला वाटलं तर आयुष्यभर ऐकवेल, आणि तुला तर दारातही उभं करणार नाही.

तुझी, सध्या तरी

१८ मार्च

रागावलेल्या बाईसाहेब,

पहिल्यांदाच तुझ्या आजीसमोर जायचं, तर मळका शर्ट कसा पुढे करणार? माझी छातीच झाली नाही. खोलीतले सगळे शर्ट बघितले आणि त्यातला सगळ्यात चांगला घेतला. लाँड्रीत जायचंय हे त्या वेळी डोक्यातच नव्हतं, तुझ्या घरी जायचंय एवढंच होतं.

पाठ करून गेलो होतो बोलायचं. दोन वाक्यं तयार होती. पण तो प्रेस खाली आला आणि वाफ सुटली, आणि मी दोन्ही विसरलो. तू मला कधी सांगितलं का नाहीस? तो आवाज साधा फुस्स नाही गं. आधी लोखंड कुरकुरतं, मग कापड दबल्याचा अगदी बारीक आवाज, मग वाफ, आणि शेवटी इस्त्रीवाले काका खोकतात, नेमके तालावर. नव्या यंत्रांत हे काही उरलेलं नाही. परवा रेकॉर्डिंगचं यंत्र पिशवीत ठेवून थोडं टिपलंसुद्धा. आजींना विचारणार होतो, पण त्या एका गिऱ्हाइकाशी तुटलेल्या बटणावरून भांडत होत्या. मध्ये बोलायची हिंमत झाली नाही.

जाणं एकदम बंद करता येणार नाही, माझे शर्ट तिथेच आहेत. पण शब्द देतो, माझ्या तोंडून तुझं नाव निघणार नाही.

तांदूळ

१९ मार्च

लाडक्या आजी,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचलं. रुमालाच्या घडीशी आल्यावर साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि गणिताच्या काकांनी आपला रुमाल गुपचूप चुरगळून खिशात कोंबला.

पण तुझा शब्द मला पटला नाही. वीअर्ड जरा घाईचा आहे. तू लिहिलेल्या त्या माणसाला क्वेंट जास्त शोभेल. क्वेंट म्हणजे जुन्या वळणाचं, थोडं गमतीदार, पण बघून बरं वाटेल असं. जुन्या यंत्राला दाद देणारा माणूस क्वेंटच म्हणायचा. त्यात अपमान नाही, उलट थोडं कौतुकच आहे. नीट बघ त्याच्याकडे. मला वाटतं चांगल्या घरचा असावा.

माझं काम जोरात चाललंय, फक्त अनकॅनी या एका शब्दापाशी गाडी अडलीय. अनकॅनी म्हणजे नुसतं अनोळखी नाही. अगदी ओळखीचं, रोजचं, आणि तेच एकाएकी परकं होऊन अंगावर आलं की ते अनकॅनी. मी भुताखेतांची तीन उदाहरणं दिली, साहेबांनी तिन्ही परत केली. म्हणाले, "भूत नको, घरातलं काहीतरी आण." घरातलं कुठून आणू?

तुझी नात

२५ मार्च

कोशातल्या बाई,

तुझा तो क्वेंट ठेव तिकडेच गुंडाळून. इथे केवढं रामायण झालंय!

तांदूळ हेर आहे.

हसू नकोस. कोपऱ्यावर ती नवी चकचकीत लाँड्री उघडलीय ना, काचेची? तिथे कपड्यांवर यंत्राने नंबर छापतात, आणि तरी लोकांचे कपडे बदलतात. परवा एका बाईला कोणाच्या तरी नवऱ्याची विजार मिळाली. माझ्याकडे कधी हरवलंय काही? नाही. कारण मी कॉलरच्या आत दोऱ्याचा टाका घालते, प्रत्येक घराचा रंग वेगळा, गाठ वेगळी. कुठला दोरा कोणाचा ते कागदावर नाही, इथे आहे, माझ्या डोक्यात. चांगल्या गिऱ्हाइकाला निळा, उधारीवाल्याला करडा, भांडकुदळाला लाल. भांडकुदळांना वाटतं लाल रंग मानाचा.

तर तांदूळ आला आणि विचारतो, "मालकीणबाई, हा दोरा कशाला?" इतक्या वर्षांत एका गिऱ्हाइकाने विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "शोभेला." तो म्हणाला, "तो तोडताना फार छान टक् होतं." दोऱ्याचं टक्! मला काय दुधखुळी समजतो?

मग मी नजर ठेवली. इस्त्रीवाल्याकडे पाठ करून पिशवीत हात घालतो, काहीतरी दाबतो आणि मग तासभर गप्प उभा राहतो. पिशवीतून लाल ठिपका चमकतो. शिंपिणीने माप घेण्याच्या निमित्ताने येऊन डोकावून बघितलं. यंत्र आहे! ती म्हणाली, "अगं, टेप चालू आहे त्याचा." माझ्या छातीत असं धडधडायला लागलं की तरुणपणी कधी धडधडलं नसेल. ठरलं. पुढच्या वेळी आला की इस्त्रीवाला मागे उभा राहणार, शिंपीण दारात, मी समोर. पिशवी रिकामी करायची आणि पोलिसांना बोलवायचं.

शब्द तूच निवड. हेराला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत आहे, ते सिनेमात असतं.

आजी

२८ मार्च

आजी, आजी, आजी,

कृपा करून पोलिसबिलिस बोलवू नकोस!

जरा थंड डोक्याने विचार कर. हेर असता तर मळका शर्ट आणला असता, कोणाला संशय येऊ नये म्हणून. इतका वेंधळा हेर असतो का कुठे? मला तो एक्सेंट्रिक वाटतो. एक्सेंट्रिक माणसं निरुपद्रवी असतात. नाहीतर पिक्युलिअर म्हण, म्हणजे त्याचं त्याचं काहीतरी खास आहे एवढंच. अगदी ऑडही चालेल, तूच म्हणाली होतीस. आवाज गोळा करणारे लोक असतात गं, रेडिओसाठी वगैरे. आणि जो माणूस अजून ती फाटकी हिरवी पिशवी घेऊन हिंडतो, त्याला काचेच्या लाँड्रीवाल्यांनी पगारावर ठेवलं असेल असं वाटतं का तुला?

मी पुढच्या आठवड्यात रजा टाकून येतेय. तोपर्यंत काहीही करू नकोस. त्याला शर्ट दे आणि जाऊ दे.

तुझी घाबरलेली नात

(घाबरलेली म्हणजे कामामुळे.)

३ एप्रिल

कामामुळे घाबरलेल्या नातीस,

रजा टाकून यायची गरज नाही. उरकलं सगळं. आता पाणी पी आणि सावकाश वाच.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी दुपारी तांदूळ आला. पत्र मी वाचलेलं होतं. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, मग माझं मागचं पत्र आठवून आठवून बघितलं. पिशवी फाटकी आहे आणि हिरवी आहे हे मी तुला कुठे लिहिलं होतं गं? मी चौथीपर्यंत शिकले, आंधळी नाही. आणि एरवी कोणाही परक्या माणसासाठी इतके शब्द खर्च करशील तू? मला वाढदिवसाला दोन ओळी पाठवतेस. क्वेंट, एक्सेंट्रिक, पिक्युलिअर, अगदी ऑडही चालेल! मालाला गिऱ्हाईक मिळेना की दुकानदार असाच भाव उतरवत येतो.

तर मला कळलं. पण इस्त्रीवाल्याला आणि शिंपिणीला मी सांगितलं नाही. का सांगू? ते तयारीत होते, आणि माणूस कसा आहे हे त्याला कोंडीत पकडल्यावर जितकं कळतं तितकं समोर बसवून पाहुणचार केल्यावर कळत नाही.

तो काउंटरशी आला. इस्त्रीवाला मागे गेला. शिंपीण दारात उभी राहिली, हातात कात्री. मी म्हटलं, "अहो साहेब, पिशवी वर ठेवा."

ठेवली. आत यंत्र, वायरी आणि अर्धा खाल्लेला पेरू. यंत्राचा लाल ठिपका चालूच.

"हे काय?"

"आवाज घेतो मी. तुम्हाला विचारायला हवं होतं. चुकलो."

"कोणी पाठवलं?"

"इथे? कोणी नाही. मीच आलो."

"पोलिसांना बोलवू?" शिंपीण दारातून ओरडली.

तो म्हणाला, "बोलवा. पण यंत्र बंद करून मग बोलवा, नाहीतर त्यात शिट्टी येईल." इस्त्रीवाला मागून फिस्सकन हसला. मी डोळे वटारले.

"या गावात कोणाला ओळखता?"

"इस्त्रीवाल्या काकांना."

"आणखी?"

"तुम्हाला."

आता बघ, सुटायला त्याला काय लागत होतं? तुझं नाव. एवढं एक नाव घेतलं असतं तर मी त्याला बसवून चहा दिला असता, हे त्यालाही ठाऊक असणार. मी दोरी आणखी सैल सोडली. म्हटलं, "माझी एक नात आहे. शब्दांच्या ऑफिसात काम करते. तिला ओळखता?"

त्याचे कान लाल झाले. प्रेसकडे बघितलं, छताकडे बघितलं. मग म्हणाला, "त्याबद्दल मला बोलता येणार नाही."

शिंपीण म्हणाली, "म्हणजे काय? ओळखतो की नाही ओळखत?"

"तेही सांगता येणार नाही."

अगं, 'नाही' म्हणाला असता तर खोटारडा ठरला असता, आणि 'हो' म्हणाला असता तर तुला उघडं पाडणारा. हा आपला मध्येच कान लाल करून उभा. मागे इस्त्रीवाला, दारात कात्री, तरी मध्येच उभा. मी मनात म्हटलं, आता मला फसवू नकोस बाबा, मी विचित्र म्हणणार नाहीये असं कबूल करून बसलेय.

"ऐकवा," म्हटलं. "काय चोरलंत ते आम्हालाही कळू दे."

त्याने बटण दाबलं. आमचा प्रेस त्या वेळी बंद होता, आणि पिशवीतून आमचाच प्रेस सुरू झाला. लोखंड कुरकुरलं, वाफ सुटली, इस्त्रीवाला खोकला. इस्त्रीवाला माझ्यासमोर तोंड मिटून उभा, आणि पिशवीत खोकतोय! त्याने घशाला हात लावून बघितला. मग त्या टेपात कोणी बाई खेकसायला लागली. "बटण आपोआप तुटतं? बटणाला पाय फुटले? दाखवा, कुठे शिवलेलं होतं ते दाखवा आधी!" काय तो आवाज! पत्र्यावर खिळा ओढावा तसा. मी शिंपिणीला विचारलं, "ही कोण गं कजाग?"

शिंपिणीने कात्री खाली ठेवली, तोंडावर हात ठेवला आणि दाराला टेकून हसायला लागली.

मीच होते.

शब्द माझे, बटण माझ्या दुकानातलं, आवाज इतकी वर्षं माझ्याच गळ्यातून येणारा, आणि त्या बाईला मी जन्मात भेटलेली नव्हते. हातावर काटा आला, खरंच आला, बघितला मी. जा, हे घे तुझं अनकॅनी. तुझ्या साहेबांना दे आणि सांग, भूत नाही, घरातलंच आहे, अगदी काउंटरवरचं.

टेप पुढे चालूच होता. शेवटी दोरा तुटला, टक्. खरंच छान होतं गं. माझ्या हाताचा आहे तो आवाज, आणि मी कधी ऐकला नव्हता.

मग मी स्टूल पुढे ढकललं आणि म्हटलं, "बस रे."

इतका वेळ अहोजाहो चाललेलं. 'रे' ऐकल्यावर तो असा दचकला की पेरू जमिनीवर पडला. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"सकाळपासून," मी म्हटलं. "आणि यापुढे मळका शर्ट आणायचा. मी धुते ती घाण, स्वच्छ शर्ट धुवायला मला काय वेड लागलंय?"

"आजी," तो म्हणाला. मालकीणबाई नाही, आजी. हक्काने. मी चहा सांगितला. त्याने आमच्या बॉयलरचा आवाज घ्यायची परवानगी मागितली, दिली. माझा आवाज मात्र पुसायला लावला. त्याने पुसला असं म्हणाला. मला शंका आहे.

तुझ्याशी मी वेगळी बोलणार आहे, समोर बसवून. एवढी भीती वाटत होती तर आधी सांगायचं होतं. मी खाते का?

मग इस्त्रीवाल्याला प्रेस थांबवायला सांगून तुझ्या बापाला फोन लावला. म्हटलं, "पोरीने निवडलेला मुलगा बघितला मी."

"हो का? कसा आहे?"

सवयीने तोंड उघडलं आणि काही येईना. तुझे सगळे शब्द ओळीने उभे केले आणि एकेकाला परत पाठवला. एकही त्याला नीट बसेना. कुठे गळ्याला घट्ट, कुठे बाही लांब. बाप तिकडून "हॅलो, हॅलो, आई, आहेस ना?" करतोय. इतके दिवस त्याचे शर्ट माझ्या हाताखालून गेलेत. शेवटी जे खरंच ठाऊक होतं ते सांगितलं. म्हटलं, "त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा उतरता आहे. कोट शिवायला टाकशील तेव्हा शिंप्याला सांग, त्या बाजूला पॅड जरा जास्त घाल."

"कोट? कसला कोट?"

"मग लग्नात काय बनियनवर उभा करणार आहेस त्याला?" म्हटलं, आणि इस्त्रीवाल्याला खूण केली, प्रेस सुरू कर.

आजी